आठ लाखांत लग्न: कात्री नक्की कुठे लावायची?

हिशेबवही

नमस्कार मंडळी,

लग्नाच्या खर्चावर इथे वर्षातून दोनदा धागा निघतो आणि दर वेळी 'साधेपणाने करा' विरुद्ध 'लग्न काय रोज होतं का' या कुस्तीत तो संपतो. या वेळी तत्त्वज्ञान बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांवर बोलू या का?

नमुना असा धरा. मुलगा-मुलगी दोघंही नोकरीत, खर्च निम्मा-निम्मा, घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि कर्जही काढायचं नाही. एकूण ८ लाख. लग्न पुण्यात, मुलाकडचं वऱ्हाड साताऱ्याहून. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. यादीत ३०० नावं. कच्चा आराखडा:

कार्यालय (आदल्या दुपारपासून लग्नाच्या संध्याकाळपर्यंत) १,२०,०००
सीमांतपूजनाचं जेवण १२० × ३०० = ३६,०००
सकाळचा नाश्ता १५० × ९० = १३,५००
लग्नाचं जेवण ३०० × ४५० = १,३५,०००
दागिने २,००,०००
दोघांचे कपडे ८०,०००
फोटो-व्हिडिओ ७५,०००
सजावट ५०,०००
मेकअप, मेंदी १५,०००
गुरुजी आणि पूजेचं साहित्य १५,०००
वऱ्हाडाच्या बस ३०,०००
मानपानाच्या ४० साड्या × ८०० = ३२,०००

बेरीज ८,०१,५००. म्हणजे अंतरपाट धरायच्या आधीच दीड हजाराने खड्ड्यात, आणि आयत्या वेळच्या खर्चाला यात एक रुपया नाही.

माझं मत: यादीतली १०० नावं खोडली की प्रश्न मिटतो. फुलं, मेंदी, पत्रिका यांत काटकसर ही सगळी चिल्लर. पटतंय का?

उंबरठा

धाग्यावर रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

यादीवीर

खोडायच्या आधी एक प्रश्न. ३०० ही बोलावलेली माणसं की येणारी? यात गल्लत झाली की सगळा हिशेब बिघडतो.

यादी एकसलग न करता तीन रकान्यांत करा. नात्यातले, मित्र-ऑफिस, शेजारी-ओळखीचे. ढोबळ अंदाज: नात्यातले दहातले नऊ येतात, ऑफिसातले निम्मे, शेजारी-ओळखीचे निम्म्याहून थोडे जास्त. तुमचे ३०० समजा १५०, ८० आणि ७० असे असतील तर येणार १३५ + ४० + ४०, म्हणजे २१५. लग्न आठवड्याच्या मधल्या वारी असेल तर ऑफिसचा आकडा आणखी पडतो.

दुसरी गोष्ट, रकान्यात माणसं लिहा, पत्रिका नाही. 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेल्या एका पत्रिकेवर कोणी एकटा येतो, कोणी पाच जण घेऊन येतो. छापील पत्रिका देवाला, वडीलधाऱ्यांना आणि कुलदैवताच्या गावी पुरेल इतक्याच, फार तर ७५. बाकीच्यांना व्हॉट्सॅप, पण एकेकाला वेगळा आणि नावानिशी. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा टाकलंत की तुमची यादी तुमची राहत नाही.

ठेचा_भाकर

३०० नावात लग्न? आमच्याइकडं तेवढे लोकं त वाढ्यालेच लागतात बाप्पा!

मुदपाक

हिशेबवही, मोजमापच चुकलंय तुमचं. आचारी माणसं मोजत नाही, पानं मोजतो. तुमच्या आराखड्यात पानं ३०० नाहीत, ५७० आहेत: आदल्या रात्री १२०, नाश्त्याला १५०, दुपारी ३००. आणि कार्यालयवाला माणसंही मोजत नाही आणि पानंही नाही, तो तास मोजतो.

आता बघा. १०० नावं खोडलीत तर वाचतात ४५,०००, आणि त्यातले निम्मे लोक जन्मभर लक्षात ठेवतात. सीमांतपूजन लग्नाच्याच सकाळी घेतलंत तर आदल्या रात्रीची १२० पानं जातात, म्हणजे ३६,००० तिथेच वाचले, शिवाय कार्यालय दीड दिवसाऐवजी एका सत्रात भागतं. नाव एकही खोडलं नाही.

नाश्त्याचंही तेच. लग्न दुपारचं असेल तर बाहेरचे पाहुणे अकराच्या आत येत नाहीत. नाश्ता फक्त घरचे आणि वऱ्हाडातले म्हातारे-पोरं यांच्यापुरता ठेवा. तिथे १५० सांगितलेत तर उपमा परातीत वाळतो आणि बिल १५० चंच येतं.

पळीपंचपात्र

मुदपाकना अनुमोदन. तासांचंच बोलायचं तर गोरज मुहूर्त बघा. लग्न सूर्यास्ताच्या सुमारास, जेवण एकच, नाश्ता नाही, रिसेप्शन वेगळं लागत नाही. ऑफिसची मंडळी सुट्टी न काढता येतात (त्यामुळे यादीवीरांचा आकडा तेवढा वाढवून धरा). संध्याकाळचं सत्र मात्र महाग असतं आणि साताऱ्याचं वऱ्हाड परत पोचायला मध्यरात्र उलटते.

दुसरं म्हणजे, तुळशीचं लग्न लागलं की सगळे एकाच दाराशी रांग लावतात. पंचांगात गौण काळातले, आपत्काळातले मुहूर्त वेगळे छापलेले असतात. ते घरच्यांना चालत असतील तर चातुर्मासात कार्यालयं रिकामी असतात आणि भाड्यावर बोलता येतं. पावसाची सोय तेवढी बघा: लॉन नको, छत हवं, गाड्या चिखलात रुतणार नाहीत असं पार्किंग हवं.

तिसरी_घंटा

सगळं एका सकाळी उरका म्हणणं सोपं आहे. सातारा ते पुणे अंतर फार नाही, पण शनिवार-रविवारी खंबाटकीत वाहतूक तुंबली तर नवरदेव घाटात आणि गुरुजी घड्याळ बघत. वऱ्हाडात पंचाहत्तरीची माणसं असतात, त्यांना पहाटे चारला उठवून बसमध्ये बसवायचं का? सीमांतपूजन आदल्या दिवशी असतं ते उगाच नाही, वऱ्हाड वेळेत पोचल्याची ती खात्री आहे.

मुदपाक

मुद्दा मान्य. मग नवरदेव, आई-वडील आणि वडीलधारी अशी २५ माणसं आदल्या रात्रीच आणा. लॉजच्या १० खोल्या, दीड हजाराने १५,०००. रात्री २५ थाळ्या, दोनशेने ५,०००. वीस हजारांत मुहूर्ताची काळजी मिटली. २५ माणसांसाठी अख्खं कार्यालय एक रात्र जास्त घ्यायची गरज नाही.

लालपरी_प्रेमी

बसचा विषय निघालाच आहे तर एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी विसरू नका. आगारात अर्ज करायचा, आगाऊ रक्कम भरायची, किलोमीटरवर भाडं, आणि रोजचे काही किमान किलोमीटर धरतात. लग्नसराईत गाड्या लवकर संपतात, म्हणून अर्ज आधी.

खासगी बस घेतलीत तर ठरलेल्या भाड्यात टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि थांबलेल्या वेळेचे पैसे आहेत का, हे चारही एकाच मेसेजमध्ये लिहून घ्या. 'ते वेगळं' हे वाक्य नेहमी परतीच्या वाटेवर ऐकू येतं.

कलमकसाई

कार्यालयाची पावती फाडायच्या आधी हे वाचा. घासाघीस करून जेवढं सुटतं त्यापेक्षा जास्त पैसे लेखी न घेतल्याने जातात.

भाडं जीएसटीसह की शिवाय? कार्यालयाच्या भाड्यावर १८ टक्के लागतो. तुमचे १,२०,००० जीएसटीशिवाय असतील तर ते १,४१,६०० आहेत. केटररच्या दरालाही हाच प्रश्न विचारा.

वीज भाड्यात की मीटरवर? मीटरवर असेल तर किल्ली घेतानाच मीटरचा फोटो काढा, सोडताना दुसरा. जनरेटरचा तासाचा दर, डिझेल कोणाचं, पाण्याचा टँकर लागला तर कोणाचा, जास्तीच्या तासाला किती, साफसफाईचे वेगळे का, भांड्यांची मोजदाद कोण करणार: सगळं पावतीच्या मागे लिहून दोघांच्या सह्या.

बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर चालतो का? बरीच कार्यालयं बाहेरचा माणूस आणला की 'रॉयल्टी' नावाची रक्कम लावतात. स्वस्त कार्यालय आणि त्याचाच सक्तीचा महाग डेकोरेटर, ही जोडी फार दिसते.

सुतकामुळे किंवा आजारपणामुळे तारीख पुढे गेली तर आगाऊ रक्कम सहा महिन्यांत दुसऱ्या तारखेला वळती होईल, हे कलम घालून घ्या. रद्द झालं तर काय हे सगळे विचारतात, पुढे ढकललं तर काय हे कोणीच विचारत नाही.

रोखीचं: २०१७ पासून एका प्रसंगासाठी एकाच व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. तुकडे करून दिले तरी प्रसंग एकच धरतात. दंड घेणाऱ्याला असतो, पण रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नसतो आणि तो त्रास देणाऱ्याला. यूपीआय किंवा चेकने द्या.

भोंगा

आणि डीजेचं लायसन्स? हल्ली कार्यालयवाले गाण्यांच्या रॉयल्टीचं पत्र आणा म्हणतात.

कलमकसाई

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ त्यात धरलेले आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याने (डीपीआयआयटी) सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. कार्यालयाने मागितलं तर ती सूचना छापून दाखवा, बहुतेक वेळा विषय तिथे थांबतो.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, त्याला मात्र लग्न म्हणून सूट नाही. म्हणजे बारापर्यंतचा डीजे ठरवून पैसे देणं हे दोन तासांचे पैसे पाण्यात.

भोंगा

दहाला बंद होतो हे ऐकून आमच्या गल्लीतला डीजेवाला हसून बेशुद्ध पडला आहे.

गुंजभर

आराखड्यातला सगळ्यात मोठा आकडा २ लाखांच्या दागिन्यांचा, आणि त्यावर अजून कोणी बोललेलं नाही. सोनं हा खर्च नाही असं सगळे धरून चालतात. सोनं नसेल, घडणावळ शंभर टक्के खर्च आहे.

हिशेबाला सोपा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरतो, तुम्ही त्या दिवशीच्या भावाने करा. घडणावळ १८ टक्के आणि एकूण बिलावर जीएसटी ३ टक्के, तर २ लाखांत सोनं येतं साधारण साडेसोळा ग्रॅम. घडणावळ १२ टक्के केलीत तर सव्वासतरा ग्रॅमच्या वर. रक्कम तीच, पाऊण ग्रॅमहून जास्तीचा फरक. मोडायला गेलात की घडणावळीचा रुपया परत मिळत नाही, सोनेतारणातही ती धरत नाहीत.

म्हणून मजुरी टक्क्यांत न विचारता ग्रॅममागे रुपयांत विचारा. टक्क्यांत असली की भाव वाढला म्हणून कारागिराची मजुरीही वाढते, काम मात्र तेवढंच.

मंगळसूत्र घेताना काळ्या मण्यांचं वजन सोन्यात मोजलेलं नाही ना ते बघा. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे हवेत. लाख भरलेल्या, खडे बसवलेल्या दागिन्यांना हेच.

हॉलमार्कवर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का ते काउंटरवर उभ्या उभ्याच बघा. बांगडीचा नंबर टाकल्यावर अंगठी दिसली तर घेऊ नका. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना आणि कुंदन-पोलकीला ही सक्ती नाही, तिथे बिलावर शुद्धता लिहून घ्या.

माझा सल्ला: मंगळसूत्र आणि रोज घालायच्या दोन बांगड्या खऱ्या, कमी नक्षीच्या. ठुशी, तन्मणी, बाजूबंद, नथ वगैरे भाड्याने किंवा 'एक ग्रॅम'वाले, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले. भाड्याचे घेताना प्रत्येक नगाचा फोटो दुकानदारासमोर काढा, आधीच निखळलेला खडा नंतर तुमच्या अनामतीतून जातो.

काठपदर

कपड्यांच्या ८० हजारांत शालू किती आणि पैठणी किती? एकच भारी घ्यायची तर हातमागाची पैठणी घ्या, ती पुढे वीस कार्यांना नेसता येते. लग्नाचा जड शालू कपाटात घडीवर चिरतो.

ओळखायची कशी? पदर उलटा करा. हातमागावर विणलेल्या पदराची मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते, मोर-नारळी तितकेच सुबक. मागे सुटे धागे लोंबत असतील, किंवा ते अडकू नयेत म्हणून जाळीचं अस्तर लावलं असेल, तर ती यंत्रमागाची 'सेमी'. वाईट नाही, पण तिला सेमीचाच भाव द्या. येवल्याला थेट विणकराकडे जाणार असाल तर ऑर्डर काही महिने आधी द्यावी लागते, भरलेल्या पदराला वेळ लागतो.

नवऱ्याच्या शेरवानीबद्दल एकच शब्द: भाड्याने.

शेरवानीवाला

एका शब्दात आमची बोळवण! जोधपुरी कोट शिवून घ्या, तो ऑफिसच्या कार्यक्रमालाही चालतो. शेरवानी भाड्याचीच, पण ट्रायल आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. बाही आखूड निघाली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

शटर

फोटोत पैसे तासांवर आणि माणसांवर जातात. कार्यक्रम एका सत्रात आला तर ७५ चे ६० होतात, त्याहून खाली ओढू नका. करारात हे हवं: किती फोटोग्राफर, किती तास, सगळे मूळ फोटो तुमच्या हार्ड डिस्कवर किती दिवसांत, अल्बमच्या शीट किती (३० शीट म्हणजे ६० पानं, पान आणि शीट यात गफलत करून विकतात), जास्तीच्या शीटचा दर. शेवटचे २० ते २५ टक्के अल्बम हातात आल्यावर. सगळे पैसे लग्नादिवशी दिलेत तर अल्बम बारशाला मिळतो.

ड्रोन बंद मांडवात कशाला लागतो हे मला आजवर उमगलेलं नाही.

ईएमआय_चालू

धाग्यात कर्ज नाही हे उत्तम. तरी वाचणाऱ्यांसाठी: ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी ३ वर्षांना काढलं तर हप्ता साधारण १७,०९०, एकूण फेड ६,१५,२०० च्या आसपास. व्याजाचे १,१५,२०० म्हणजे मुदपाकांच्या भाषेत ४५० ची २५६ पानं. जेवणारे निघून गेल्यावर तीन वर्षं वाढत राहायची.

चौरंग

मानपान! ४० साड्या ८०० च्या. या साड्या कोणी नेसत नाही, त्या फिरतात. एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात जाते, पिशवीसुद्धा तीच. दोन्ही घरच्या मोठ्यांना एकत्र बसवून आधीच ठरवा: मान फक्त मामा, आत्या, करवल्या यांचा, दहाच्या आत, आणि दोन्हीकडून सारखा. एकाने द्यायचं बंद केलं आणि दुसऱ्याने चालू ठेवलं तर बचत राहते बाजूला, अबोला सुरू होतो. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायचं असेल तर तेही दोघांनी मिळून.

ठेचा_भाकर

आन् टावेल-टोपी? ते बी फिरते. एक टावेल त तीन जिल्हे फिरून परत आल्ता म्हणतात.

तांदूळवाटी

अक्षतांवर कोणी बोलेना. तांदूळ वाया जातो, फुलांच्या पाकळ्या द्या.

हिशेबवही

तत्त्व म्हणून मान्य, पैशाने उलटं. माणशी १०-१५ ग्रॅम तांदूळ, ३०० माणसांना तीन ते साडेचार किलो, दोन-तीनशे रुपये. तेवढ्या पाकळ्या त्याहून महाग. शिवाय ओल्या पाकळ्या फरशीवर पडल्या की माणूस घसरतो.

सजवटकार

फुलांचंच सांगतो. दसरा-दिवाळीला झेंडू आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी सगळीच फुलं चढतात, त्या तारखांना फुलांची सजावट ठरवू नका. हळद आणि लग्न लागोपाठ असेल तर झेंडूच्या माळा त्याच वापरता येतात, पाणी मारून ओल्या कापडात ठेवायच्या. सगळं कार्यालय सजवण्यापेक्षा स्टेज, प्रवेशद्वार आणि मुलीची वाट एवढंच करा. फोटोत तेवढंच येतं. ५० चे ३० सहज होतील.

सातासमुद्रापार

लग्नानंतर जोडीदाराच्या व्हिसासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो, तो लवकर काढून ठेवा. एक प्रश्न: आधी नुसता दाखला घ्यायचा आणि लग्न सवडीने, असं चालतं का?

कलमकसाई

हिंदू विवाह कायद्याखाली नाही. विधी झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. विधीशिवाय करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे, नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. खर्च किरकोळ. सात लाख वाचवायचा सगळ्यात सरळ रस्ता हाच आहे, पण धाग्याचा विषय तो नाही म्हणून थांबतो.

आंतरजातीय विवाहासाठी समाजकल्याण खात्याचं ५०,००० चं अर्थसाहाय्य आहे, पात्रतेचे निकष जिल्हा कार्यालयात विचारा.

पै_पाहुणा

मुदपाक, एक सांगा. शिधा आपण आणून द्यायचा आणि आचाऱ्याला फक्त मजुरी, हे स्वस्त पडतं का?

मुदपाक

कागदावर पडतं. १०० पानांचा साधारण शिधा: साधा भात आणि मसालेभात मिळून तांदूळ ९ ते १० किलो, वरणाला तूरडाळ ३ किलो, पुऱ्यांना कणीक ९ ते १० किलो (किलोत ५०-५५ पुऱ्या, पानी पाच), बटाटा ११-१२ किलो, मठ्ठ्याला दही ६ ते ७ किलो, श्रीखंड पंगतीला १२ आणि बफेला १५ किलो. तळणीला तेल ७-८ लिटर, त्यातलं जवळपास निम्मं कढईत उरतं. ते कोणाचं, हे आधी ठरवा, नाहीतर डबा गुपचूप टेम्पोत चढतो.

बिघडतं कुठे? आचाऱ्याची यादी नेहमी सढळ असते, कारण कमी पडलं तर नाव त्याचं जातं आणि जास्त झालं तर पैसे तुमचे. शिवाय वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर (घरगुती सिलिंडर कार्यात वापरायचा नसतो), चुली, मोठी पातेली, पाणी, हे सगळं तुमच्या डोक्यावर. १०० पानांच्या आत आणि घरात या कामाचा एखादा जाणता असेल तर करा. २०० च्या वर पानाच्या दरानेच द्या. केटररचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक बिलावर असू द्या.

पंगत की बफे हेही सांगून टाकतो. पंगतीत वाया कमी जातं, पण १५-२० पानांमागे एक वाढपी हवा. १०० ची एक पंगत उठायला पाऊण तास, मग कार्यालयाचे तास बघा. बफेत बिल ताटल्यांवर निघतं. कोणी ताटली ठेवून दुसरी घेतली की झाली दोन पानं. म्हणून ताटल्या सुरुवातीला पन्नासच्या चळतीत मोजून द्यायच्या, शेवटी उरलेल्या चळती मोजायच्या, आणि दोन्ही वेळा तुमच्याकडचा एक माणूस उभा हवा. मामा नको, त्याला सगळे बोलावतात. कॉलेजातलं चुलत भावंड द्या.

हमीचा आकडा नेहमी अंदाजापेक्षा थोडा खाली. यादीवीरांच्या २१५ वर हमी २०० ची द्या आणि 'वरची ४० पानं त्याच दराने' असं लिहून घ्या. हमी जास्त दिलीत तर न आलेल्यांचे पैसे भरता, वरच्या पानांचा दर ठरवला नाहीत तर आलेल्यांचे जास्त भरता.

तिसरी_घंटा

उरलेलं अन्न नेणाऱ्या संस्थेला आदल्या दिवशीच फोन करून ठेवा. श्रीखंड-मठ्ठा उन्हाळ्यात टिकत नाही, ते देऊ नका. भात, पुरी, सुकी भाजी द्या, झाकून, आणि जेवणं आटोपल्या आटोपल्या.

हिशेबवही

धागा भरकटेल वाटलं होतं, भरकटला नाही, आभार. आराखडा पुन्हा मांडला:

कार्यालय एक सत्र, भाडं ८०,००० धरून जीएसटीसह ९४,४००
वडीलधाऱ्यांच्या खोल्या १५,०००, रात्रीच्या थाळ्या ५,०००
नाश्ता ६० × ९० = ५,४००
जेवण, जास्तीत जास्त २४० × ४५० = १,०८,०००
दागिने २,००,००० (रक्कम तीच, सोनं जास्त)
कपडे ८०,०००
फोटो ६०,०००
सजावट ३०,०००
मेकअप १५,०००, गुरुजी-पूजा १५,०००, बस ३०,०००
मानपान १० × ८०० = ८,०००

बेरीज ६,६५,८००. शिल्लक १,३४,२००. त्यातले ६५,००० आयत्या वेळच्या खर्चाला बाजूला. 'शंभर नावं खोडा' हे माझं पहिलं वाक्य मागे घेते, यादीतलं एकही नाव खोडावं लागलं नाही. गेली ती जादाची रात्र आणि जादाची पानं.

तिसरी_घंटा, खंबाटकीचा मुद्दा नसता तर खोल्यांचे वीस हजार मी धरलेच नसते आणि लग्नाच्या सकाळी घाम फुटला असता.

चौरंग

वाढप्यांची, बसचालकांची आणि वॉचमनची बक्षिसी कुठल्या रकान्यात?

हिशेबवही

राहिलीच. ५,००० वेगळे काढते. शंभराच्या सुट्या नोटा आणि पाकिटं आधीच, नाहीतर ऐन वेळी पाचशेची नोट जाते.

ठेचा_भाकर

सगळं झालं, जिलबीचं कोणी नाव काढलं नाही. मठ्ठा आहे त जिलबी पायजे!

मुदपाक

घ्या जिलबी. १०० पानांना पानी चार धरून मैदा ४ किलो, पाकाला साखर ८ किलो. कढई पंगतीच्या जवळ लावा म्हणजे गरम पडेल. पण जिलबी घेतलीत तर श्रीखंड बारावरून आठ किलोवर आणा, दोन्ही पूर्ण प्रमाणात ठेवलंत तर पातेलंभर श्रीखंड उरतं.